दक्षिण समुद्रातले खडक

तिसऱ्या प्रकरणात लेखकाने नदी डोंगरावर चढवली होती, म्हणून मी तिथे ढग काढला.

काल्पनिक देशाचा नकाशा काढणाऱ्याला ढगासारखा सोबती नाही. जिथे लेखकाचं गणित चुकतं तिथे ढग. जिथे त्याने काहीच लिहिलेलं नसतं तिथे जंगल. आणि एकाच जागी त्याने दोन गावं वसवली असतील, तर तिथे दिशा दाखवणारं भलंमोठं चक्र, भरपूर वेलबुट्टीसकट. वाचक म्हणत, किती हौसेने सजवलंय! हौस कसली, ठिगळं होती ती. पण ठिगळही नीट लावलं तर कापडाला शोभा येते, आणि मी ते नीट लावत असे, एवढं आता या वयात बोलून टाकायला हरकत नाही.

मी तेव्हा तिशीची होते. छापखान्याच्या वरच्या मजल्यावर खिडकीला लागून माझं तिरकं टेबल होतं, पलीकडे मालकांचं. छापखाना मालकांचा, आणि तिथूनच ते मुलांची पुस्तकंही काढत. मला मुळात ठेवलं होतं ते मुखपृष्ठावरची अक्षरं काढायला. खाली यंत्र सुरू झालं की माझं टेबल थरथरायचं, दौतीतली शाई थरथरायची आणि हातातला टाकही. पहिले दोन महिने मी रडकुंडीला आले. मग अक्कल आली. यंत्र चालू असताना मी किनारे आणि लाटा काढू लागले, कारण थरथरत्या हाताने काढलेला किनारा फार खरा वाटतो. आणि जेवणाच्या सुट्टीत यंत्र थांबलं की अक्षरं. त्यामुळे नऊ वर्षं मी डबा कधी वेळेवर खाल्ला नाही, पण माझे समुद्र मात्र सगळ्यांना आवडले.

नकाशे माझ्याकडे आले ते लेखकमहाशयांमुळे. ते तांबड्या बेटांच्या राज्याच्या गोष्टी लिहीत. एक राजपुत्र, एक तलवार आणि दर भागाला एक नवा राक्षस. खाली छपाईचे खिळे जुळवणारे लोक त्यांना आपसात 'महाराज' म्हणत, कारण पुढे कुणीतरी ललकारी देत चाललं आहे अशा थाटात ते जिना चढायचे. पहिल्या पुस्तकाच्या वेळी त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने वाटोळं काढलं, त्यात तीन फुल्या मारल्या आणि तो कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"बाई, हा आपला देश. जरा स्वच्छ करून द्या."

मी हस्तलिखित घरी नेलं आणि दोनदा वाचलं. मग स्वच्छ करायला बसले. डोंगरांना फक्त उजवीकडून सावली दिली, म्हणजे उजेड कुठून येतो ते न सांगता कळतं. किनाऱ्याला लागून दाट रेघा, मग विरळ, मग आणखी विरळ, म्हणजे कागद कोरा सोडला तरी पाणी खोल वाटतं. नदीचं नाव नदीच्या वळणाबरोबर वळवलं. झाडं कधी तीन, कधी पाच. जोडीने काढली की ती बागेतल्यासारखी दिसतात. आणि खाडीच्या मधोमध एक होडी. एवढीशी. कुणीतरी पलीकडे चाललंय एवढंच कळावं म्हणून.

"ही होडी कुणाची?" महाराजांनी विचारलं. ते कागद हातभर लांब धरून बघत. चष्मा त्यांच्या खिशात असायचा, पण तो ते बायकांसमोर लावत नसत.

"कुणाची नाही. खाडी रिकामी वाटत होती."

"माझ्या गोष्टीत होडी नाही, बाई."

"नाही ना. म्हणून तर ती गोष्टीच्या आत न येता बाहेरून चालली आहे."

त्यांना हे पटलं नाही, पण छपाईचा ब्लॉक करायला द्यायची वेळ झाली होती, म्हणून होडी राहिली.

त्याच नकाशात उत्तरेला 'विसरलेलं बंदर' होतं. शंभर वर्षांत तिथे माणूस फिरकला नाही, असं पुस्तकात लिहिलेलं. मी पडकी घरं काढली. पण तो कोपरा फारच मेल्यासारखा दिसायला लागला, म्हणून एका घराच्या धुराड्यातून बारीकसा धूर सोडला. झालं! पुस्तक बाहेर पडून महिना झाला नाही तोवर मुलांची पत्रं यायला लागली. त्या घरात कोण राहतं? तो स्वयंपाक कुणासाठी करतो? त्याला इतकी वर्षं सामान कोण आणून देतं?

महाराज पत्रांचा गठ्ठा घेऊन वर आले. मला वाटलं, आता होडीसकट आपण बुडालो. पण ते खुर्चीत बसले, पत्रं मांडीवर ठेवली आणि मालकांना म्हणाले, "पाहिलंत? मी मुद्दामच ते उघड करून सांगितलं नव्हतं. वाचकाला शोधायला काहीतरी ठेवावं लागतं."

दुसऱ्या भागात विसरलेल्या बंदरात एक म्हातारा निघाला. तो स्वयंपाक स्वतःसाठीच करत होता आणि सामान त्या होडीतून येत होतं. सगळ्या वाचकांच्या मते तो त्या भागातला एकमेव शहाणा माणूस. त्यानंतर हे असंच सुरू झालं. मी एक मोडका पूल काढायचा आणि महाराजांनी पुढच्या भागात तो कुणी मोडला ते सांगायचं. एका शाळेच्या कार्यक्रमात त्यांनी 'नकाशात गोष्ट पेरण्याची माझी पद्धत' या विषयावर पाऊण तास भाषण केलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. चांगलं बोलले. मलाही बरंच नवीन कळलं.

माझी तक्रार एकच होती. नकाशावर कुठे माझं नाव नव्हतं.

खरं तर ही तक्रार आधी माझी नव्हती, बाबांची होती. बाबा पाट्या रंगवायचे. दुकानाची असो, दवाखान्याची असो, 'येथे वाहने लावू नयेत' ही असो, प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात त्यांचं नाव असायचंच. एकदा एका सरकारी कचेरीने ते पुसून मागितलं, तर बाबांनी पाटीच परत घेतली. दर नवीन पुस्तक मी त्यांना नेऊन द्यायची. ते नकाशाचं पान उघडायचे, चारही कोपरे तपासायचे आणि पुस्तक मिटून म्हणायचे, "छान आहे. कुणी काढलंय?"

"बाबा, तुम्हाला माहितीये कुणी काढलंय."

"मला माहितीये गं. पण या पुस्तकाला माहीत नाही."

तीन भाग हे चाललं. तिसऱ्यानंतर मी मालकांकडे गेले. ते भले गृहस्थ होते. त्यांनी महाराजांना बोलावलं आणि माझ्यासमोरच विषय काढला.

महाराज दुखावले. "बाई, तुम्हाला कळत कसं नाही? नकाशाखाली नाव घातलं की वाचकाला वाटणार, हा देश कुणीतरी काढलाय."

"काढलाच आहे की."

"काढलेला नाही. तो आहे! तो सापडलाय!"

"मग पुस्तकावर तुमचं नाव कशाला?" असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घरी दोन मुलं, सासूबाई, आणि नवऱ्याची नोकरी दर सहा महिन्यांनी नवी. मी शाई ढवळत राहिले. शेवटी मालकांनीच तोडगा काढला. नाव घालायचं, पण समुद्रात. दक्षिणेला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे. दिसेल न दिसेल असं.

महाराज म्हणाले, "न दिसेल यावर भर द्या."

आता इथे माझ्या कामाची एक गोष्ट सांगायला हवी. नकाशा मूळ कागदावर छापायच्या आकाराच्या तिप्पट मोठा काढायचा असतो. मग ब्लॉकवाले त्याचा फोटो घेऊन तो लहान करतात, जस्ताच्या पत्र्यावर उतरवतात आणि पत्रा आम्लात बुडवून कोरतात. लहान करताना बारीक अक्षरांची पोकळी भरून जाते आणि अक्षराचा गोळा होतो. म्हणून माझा एक नियम होता: करंगळीच्या नखापेक्षा लहान अक्षर मूळ कागदावर काढायचं नाही. हा नियम मी तीन नव्या मुलींना शिकवला होता आणि त्यांतल्या एकीला त्यावरून रडवलंही होतं.

चौथ्या भागाच्या नकाशात मी सगळ्या बेटांची, खिंडींची, राक्षसांच्या गुहांची नावं करंगळीचं नख लावून मोजून काढली. शेवटी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या नावाकडे आले. दक्षिण समुद्रात जागा भरपूर होती. पण टाक उचलला आणि मनात आलं, फार मोठं झालं तर कुणी म्हणेल, बघा, हिला केवढी हाव! म्हणून जरा लहान काढलं. ते वाळलं, मी लांबून पाहिलं, तरी मोठंच वाटलं. ब्लेडने खरवडलं आणि आणखी लहान काढलं. फार सुबक आलं होतं. मुंगीने लिहावं तसं. नख लावून बघायचं मला सुचलंच नाही. दुसऱ्या कुणी तेवढं अक्षर काढलं असतं तर मी तो कागद तिच्या तोंडावर फेकला असता.

त्याच आठवड्यात धाकटीला गोवर आला आणि मी आठ दिवस घरी राहिले. ब्लॉकचा पहिला छाप मालकांनीच पाहून पास केला. मी परत आले तेव्हा पुस्तक शिवून तयार होतं. मी दक्षिण समुद्र उघडला.

तिथे खडक होते.

म्हणजे, माझं नाव होतं. पण त्याची शिरोरेषा पाण्यावर आडवी पसरलेल्या भिंतीसारखी दिसत होती आणि तिच्याखाली अक्षरांचे काळे गोळे. मात्रा आणि वेलांटी वर सुळक्यांसारख्या निघालेल्या. भोवती मीच काढलेल्या लाटा येऊन अगदी बेताने फुटत होत्या.

मालक म्हणाले, "मला वाटलं ठरल्याप्रमाणेच केलंय तुम्ही. दिसेल न दिसेल असं."

ब्लॉकवाले काका वर आले आणि टेबलाशी उभे राहिले. "ताई, मी फोन करून विचारणार होतो. पण तुमच्या कागदावर चूक असेल असं मनातच आलं नाही." हे ऐकून जास्तच झोंबलं.

बाबांनी पुस्तक उघडलं तेव्हा मी समोरच बसले होते. त्यांनी उजवा कोपरा पाहिला, डावा पाहिला.

"कुठंय?"

"दक्षिणेला, समुद्रात."

"इथे? इथे तर शाईची घाण पडलीय."

"तेच."

त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "किती मोठं काढलं होतंस मूळ कागदावर?"

मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं.

"कुणाला घाबरलीस?" त्यांनी विचारलं. मी चहा करायला आत गेले.

मालकांना वाईट वाटलं होतं. ते म्हणाले, चार महिन्यांत दुसरी आवृत्ती निघेल, तेव्हा नवीन ब्लॉक करू. मी लगेच नवीन कागद तयार केला. या वेळी नख लावून, आणि वर थोडं जास्तच. नाव असं ठळक आलं की कुणी आंधळ्यानेही हात फिरवून वाचावं. पाकिटात घालून तो कागद मालकांच्या कपाटात ठेवला. आता फक्त वाट बघायची होती.

आणि पत्रं आली. दक्षिण समुद्रात ते खडक कसले? तिथे भिंतीसारखं काय आहे? सुळक्यांवर कुणी राहतं का?

महाराज वर आले तेच मुळी हस्तलिखित काखेत मारून. "मालक, पाचवा भाग! एकटाकी लिहिला. दक्षिणेचे खडक मी चौथ्या भागातच का ठेवले होते ते आता उलगडणार."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी लाटेत डोकं घातलं.

ते गेल्यावर मालक माझ्या टेबलाशी आले. "वाचलं मी. राजपुत्राचं जहाज त्या खडकांवर आपटून फुटतं. आता तिथे खडकांच्या जागी तुमचं नाव छापलं तर सगळा पाचवा भाग कोरड्या कागदावर बुडतो. पण मी शब्द दिलाय. तुम्ही सांगा. नाव ठेवायचं का खडक?"

मी हस्तलिखित मागून घेतलं आणि खिडकीपाशी वाचायला बसले. खरं सांगते, मी नाव ठेवायचं ठरवूनच बसले होते. पण त्या माणसाने ते प्रकरण चांगलं लिहिलं होतं. चार भाग मी त्या राजपुत्राला सहन केलं होतं. तो कुणाचं ऐकायचा नाही, कुणाला नावाने हाक मारायचा नाही, नावाड्याला 'अरे नावाड्या' आणि दाईला 'अगं दाई'. आणि इथे तो शीड भरून, छाती पुढे काढून, सगळ्यांचं सांगणं धुडकावून सरळ दक्षिणेला येतो आणि धाडकन आपटतो. माझ्यावर! त्याची तलवार पाण्यात जाते, त्याच्या मुकुटाचं पाणी उपसायचं भांडं होतं. मी ते प्रकरण तीनदा वाचलं.

"खडक राहू देत," मी मालकांना सांगितलं.

"नक्की?"

"नक्की. बुडू दे त्याला."

बाबांना हे मुळीच आवडलं नाही. "दुसऱ्याचं जहाज बुडावं म्हणून आपलं नाव घालवायचं? हा कुठला धंदा?" त्यांचंही खरंच होतं.

पण महाराजांचं समाधान झालं नव्हतं. आठवड्याने ते पुन्हा आले. "बाई, या भागात खडकांचा वेगळा नकाशा हवा. पूर्ण पानभर. प्रत्येक खडक, प्रत्येक सुळका दिसला पाहिजे. तुमचा तो मूळचा कागद आहे ना? त्यावरूनच मोठा करा, म्हणजे फरक पडायला नको."

"मूळ कागदावरूनच?" मी विचारलं.

"अगदी तंतोतंत."

मी मूळ कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. मुंगीने लिहिलेलं माझं नाव तिथे स्वच्छ वाचता येत होतं. महाराजांनी कागद हातभर लांब धरला, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. चष्मा खिशातच होता.

"हेच," ते म्हणाले. "हेच मोठं करा."

मालकांना खोकल्याची उबळ आली आणि ते खाली निघून गेले.

मी तो नकाशा तीन आठवडे काढला. आयुष्यात एवढं मन लावून दुसरं काही काढलं नाही. शिरोरेषेची भिंत केली, ओहोटीला उघडी पडते तशी, वर शेवाळ आणि शंख चिकटलेली. अक्षरांच्या दांड्या पाण्यात खोल गेलेल्या. जिथे अक्षराला पोट होतं तिथे गुहा. मात्रेचा सुळका वाऱ्याने झुकलेला, त्यावर समुद्रपक्ष्यांची तीन घरटी. यंत्र चालू असताना फेस काढला, बंद असताना कडा. लांबून खडक दिसावेत आणि जवळून... तर जवळून काय दिसावं, ते मी बघणाऱ्यावर सोडलं.

महाराज खूश झाले. "ही सरळ भिंत विलक्षण आहे, बाई. कशी सुचली?"

"हाताला सवय आहे."

ब्लॉकवाले काका कागद न्यायला आले, त्यांनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ताई, हे नाव बुडतंय का वर येतंय?"

"तुम्ही आम्ल जपून घाला, काका."

पाचवा भाग निघाला. मोठ्यांपैकी कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं, त्यात खडकांची 'रौद्र रचना' अशी तारीफ होती. पण मुलं पुस्तक उलटं धरून, आडवं धरून, नाकाला लावून वाचतात. तिसऱ्या आठवड्यात पहिलं पत्र आलं. खडकांमध्ये एक नाव लिहिलंय. मग सहा. मग एका शाळेतून पूर्ण वर्गाचं एकच पत्र, खाली अडतीस सह्या. ती कोण आहे? तिनेच जहाज बुडवलं का?

महाराज त्या दिवशी जिना चढले तेव्हा ललकारीचा थाट नव्हता. त्यांनी पत्रं मालकांच्या टेबलावर टाकली. मी पाठमोरी होते. वाटलं, आता नोकरीही गेली. नऊ वर्षं काढली, बास झालं. टाक धुऊन डबीत ठेवून दिला.

"मालक," ते म्हणाले, "मी काल चष्मा लावून पाहिलं. खरंच नाव आहे. स्पष्ट आहे."

मालकांनी वरचं पत्र उचलून उघडलं.

"आपल्याला हा अनुभव आहे, पण दर वेळी थक्क व्हायला होतं. माणूस लिहीत असतो आणि आतून काहीतरी आपोआप उमटत जातं. मला स्वतःला ठाऊक नव्हतं की तिथे कुणी आहे!" त्यांचा आवाज चढत गेला. "आणि नावही कसं अचूक! खडबडीत, खारं. जहाजं बुडवणाऱ्या जादूगारणीला याहून चांगलं नाव मी बसून शोधलं तरी मिळालं नसतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नऊ वर्षं ते मला 'बाई' म्हणत होते. माझं नाव काय, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. माझं नाव समुद्रात घालायची चर्चा झाली, त्यावर त्यांनी अटी घातल्या, तेव्हाही नाही.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. सांगू का, असं ते डोळ्यांनी विचारत होते. मी मान हलवून नको म्हटलं. भीतीने नव्हे. मला पुढे काय होतं ते वाचायचं होतं.

सहावा भाग सगळा तिचाच होता. पुस्तकाचं नाव काय ठेवायचं यावर विचार करण्याची महाराजांना गरजच वाटली नाही. फक्त तिचं नाव, बाकी काही नाही. आणि मुखपृष्ठावरची अक्षरं काढणं हे तर माझंच काम.

"अक्षरं जरा दुष्ट काढा, बाई," ते म्हणाले. "वाचताना अंगावर काटा आला पाहिजे."

स्वतःचं नाव दुष्ट काढणं वाटतं तितकं सोपं नाही. हात आपोआप वहीवरच्या नावासारखं गोंडस वळण घेतो. चार कागद फुकट गेले. पाचव्या वेळी मी घरातल्या, दारातल्या, जिन्यातल्या एकेकाला आठवत गेले आणि वेलांटीला नख फुटलं. मात्रा कोयत्यासारखी आली. तळहाताएवढी अक्षरं होती, करंगळी मोजायचा प्रश्नच नव्हता.

महाराजांनी त्या दिवशी माझ्यासमोर चष्मा लावला. "वा! हे नाव तुमच्या हातात बसलंय हो."

"लहानपणापासून गिरवतेय."

"म्हणजे?"

"साहेब, चहा घेणार ना?" मालक मधेच म्हणाले आणि त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेले.

मी पहिली प्रत बाबांना दिली. त्यांनी ती आतून उघडलीच नाही. मुखपृष्ठ उजेडात धरलं, अक्षरांच्या कडा अंगठ्याने चाचपल्या.

"मी कोपऱ्यात म्हणत होतो," ते म्हणाले. "तू तर पाटीच लावलीस." मग थोड्या वेळाने, "नाव तुझ्या आईने ठेवलं होतं. मला तेव्हाच जरा जहाल वाटलं होतं."

दुसरी प्रत घरी नेली. सासूबाईंनी माझं काम कधी पुस्तकात उघडून पाहिलं नव्हतं; दिवसभर मी कुठे रंग भरते एवढंच त्यांना माहीत. त्यांनी माझं नाव वाचलं, खालच्या ओळीतलं 'जहाजं बुडवणारी जादूगारीण' वाचलं, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "त्या लेखकाला माणसं ओळखता येतात म्हणायची."

दोन दिवस पुस्तक दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर सासूबाई खिडकीत पाय वर घेऊन वाचत बसलेल्या. गॅसवर दूध उतू गेलेलं आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. मी गॅस बंद केला तशी त्यांनी पानात बोट घालून मान वर केली.

"त्या राजपुत्राला तिने गुहेत कोंडलंय."

"हो, वाचलंय मी."

"पोरगा फार माजलाय गं. सगळ्यांना अरे-तुरे करतो, कुणाला नावाने हाक नाही. पुढे काय होतं? तो सुटतो?"

"ते सातव्या भागात. अजून लिहायचंय."

त्यांनी जरा विचार केला. मग पुस्तक पुन्हा डोळ्यांसमोर धरलं आणि त्याच्या आडूनच म्हणाल्या, "इतक्यात सोडू नकोस त्याला."